पेपर सातवा

रविवारची बॅच. नाशिकरोड,
टायपिंग क्लासच्या वरचा मजला.
मुक्त विद्यापीठाची पुस्तकं, सोळा खुर्च्या, सात माणसं.
मी फळ्यावर बाण काढते:
प्रतिमावाद, हार्लेम, मग बीट, मग कबुलीवाले,
मग भाषेचेच सांधे उसवून बघणारे.
प्रत्येक बाण आधीच्यावर रुसून निघालेला.

शेवटच्या खुर्चीत निवृत्ती पगारे.
नोटांचा प्रेस, तपासणी विभाग, वय त्रेपन्न.
बोटं कोरडी, कुणाची तरी ठेव असल्यासारखी.

प्रतिमावाद त्याला लगेच पटला.
एकही शब्द फालतू नको, म्हणताच म्हणाला,
म्हणजे वॉटरमार्क, मॅडम.
एरवी नुसता कागद. उजेडापुढे धरला की चेहरा.
हेच मी एकोणीस वर्षं
दोन पानांत समजावत आले होते.

बीटवाल्यांवर मात्र हसला.
सगळं सोडून रस्त्याला लागले, ठीक.
पण परतायला घर होतं ना त्यांना?
बहुतेकांना, मी म्हटलं.
त्यानं वहीत काही लिहिलं नाही.

हार्लेमचं त्यानं साल विचारलं.
विसाचं दशक. तिसानंतर ओसरलं.
तीस, तो म्हणाला,
आणि थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
तेव्हा माझा आजा काळारामाच्या दाराशी बसलेला.
दार बंद. आत देव, बाहेर पोलीस.
सही येत नव्हती त्याला.
तो कुठल्या स्कूलचा, मॅडम?

फळ्यावर जागा होती.
मी खडू शोधत राहिले, हातातच होता.

कबुलीच्या कवितेवरचं टिपण त्यानं दिलंच नाही.
रोज सुटताना झडती असते आमची, म्हणाला.
खिसे, डबा, चपलेचा तळ.
आणखी काय कबूल करायचं?

चार मार्कांनी राहिला.
उत्तरात एकाही चळवळीचं नाव नव्हतं म्हणे.
पुढच्या वर्षी आला नाही.

परवा जेलरोडला भोंगा झाला
आणि माझी रिक्षा गेटसमोर अडकली.
जाळीपलीकडे रांग. एकेक जण पुढे येई,
हात वर करी,
जणू वरून कुणी काही देणार आहे,
मग तसाच बाहेर.
त्याची पाळी आली.
शिपायानं खिसे चाचपले, डबा उघडून हुंगला,
जा म्हणाला.
हात अजून वरच होते त्याचे,
आणि ओठ हलत होते.