रकाना अकरा

आठशे मीटर मी तांबळडेगच्या वाळूत पळाले
वर्षभर, पहाटे, ओहोटी बघून.
म्हणून ओरोसच्या मैदानावर पाय हलके वाटले,
आणि गोळा तर असा गेला
की टेप धरणारी बाई म्हणाली,
"सवय दिसतेय फेकायची."

सवय नव्हती.
एकदाच फेकलं होतं.

तेव्हा एकोणीस वर्षांची. आनंदवाडीची जेटी.
बाबांची होडी सलग तिसऱ्या दिवशी रिकामी आली,
बांगडा नाही, तारली नाही,
विकत घेतलेला बर्फ तेवढा पाणी होऊन परत.
समोर त्यांची बोट,
रात्री समुद्रात दिवस करून मासळी गोळा करणारी,
दिव्यांची माळ अजून काढलेली नव्हती.
जाळ्याचं एक शिसं माझ्या मुठीत होतं.
ते कधी सुटलं ठाऊक नाही,
फुटल्याचा आवाज ठाऊक आहे.

कलम चारशे सत्तावीस.
पंचनाम्यात: दिवा नग एक, फुटलेला.
शिशाचं वजन नग एक, अंदाजे पाव किलो.
कोर्टात मी कबूल म्हटलं.
दंड आईने सुंगटांच्या पैशातून भरला,
लिपिकाने त्या नोटा
नखांच्या टोकांनी मोजल्या. दोनदा.

आता हा साक्षांकन नमुना.
वडिलांचं नाव, जात, मागच्या पाच वर्षांतले पत्ते
(एकच आहे, पाच वेळा लिहायचा का?)
आणि रकाना अकरा:
आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?
असल्यास तपशील.
जागा दीड ओळ.

झेरॉक्सवाला रुपेश म्हणाला, "नाही लिही गं, एवढं कोण बघतं?"
क्लासच्या सरांनी कुठलासा निकाल पाठवला,
बत्तीस पानं, इंग्रजी, खाली जोडलेले हात.
मामा ओळखी काढत बसला.
बाबा जाळं विणत होते.
सुई न थांबवता म्हणाले,
"खरा काय ता लिव.
खोटा लिवलंस तर तो दुसरो गुन्हो."

नक्कल आणायला ठाण्यात गेले.
ढोलम हवालदार, तेच.
तेव्हा त्यांनी मला दोन तास उभं ठेवलं होतं.
आज खुर्ची पुढे केली, मग आठवल्यासारखे थांबले.
रजिस्टर चाळत म्हणाले,
"त्या बोटवाल्याच्या नावावर एक ओळ नाही आमच्याकडे.
दाखला मागितला तर आजच्या आज मिळेल त्याला."
मी काही बोलले नाही.
"तुझं शिसं मात्र आहे हां मुद्देमालात.
विल्हेवाटीचा आदेश निघाला, विल्हेवाट कोणी लावली नाही.
लागलीस भरतीत, तर पहिलं काम तेच कर."
ते विनोद करत होते की काय, कळलं नाही.
गस्तीच्या नौकेवर जायचंय मला, हे सांगायचं राहिलं.

लिहिलं:
होय. दिवा फोडला. दंड भरला. नक्कल जोडली आहे.
एक ओळ पुरली.
उरलेल्या अर्ध्या ओळीत पेन बराच वेळ टेकलेलं होतं,
तिथे शाईचा ठिपका आहे,
समितीने त्याला काय समजायचं ते समजावं.

यादीत नाव आलंय. पुढे फुली,
तळाशी बारीक अक्षरात: निर्णयाधीन.

पळणं थांबवलेलं नाही.
पहाटे चारला किनारा माझा एकटीचा असतो
आणि बाहेर, खोल पाण्यात,
दिव्यांची ओळ.
मी श्वास सावरत मोजते.
काल सात होते.
सरावाच्या वहीच्या मागच्या पानावर
तारीख, वेळ, आकडा.
सही करायची जागा
सोडलेली आहे.