माणूस, मापासाठी

नोंदवहीत एवढंच :
क्र. ११७. माझगाव, कोरडी गोदी.
आगबोटीचा पंखा, डावा. सोबत माणूस, मापासाठी.
बोटीचं नाव आहे, कंपनीचं आहे,
काचा कुठल्या पेटीतल्या, तेही आहे.

मी कापसाच्या बोळ्यानं कडा पुसते.
मधोमध हात लावायचा नाही, थर सुटतो.
खिडकीशी धरली की सगळं उलटं :
बोटीचं काळं पोट दुधासारखं,
त्याचं धोतर कोळसा,
आणि तो, उन्हात रापलेला, लख्ख.

एरचशा दुबाश, सही तशी लागते,
काळ्या फडक्याखाली शिरले असतील.
तिथे बोट आधी पालथी दिसली असेल,
तळ आभाळात, चिखल त्याच्याही वर,
आणि हा वटवाघळासारखा टांगलेला.
मग बाहेर येऊन :
ए, तू. पात्यापाशी. हलायचं नाय. दहा आकडे.

बुडाची कालवं खरवडणारा असावा,
खरवडणी अजून हातात आहे.
बाकीच्यांचं काम थांबलं नव्हतं,
त्यांचा नुसता धूर झाला,
शिडीवर एका पायरीला दोन तळवे तेवढे उरले.

एक. दोन. तीन.
दरवाजातून समुद्र पाझरत त्याच्या घोट्यांशी आलेला.
सातव्याला की आठव्याला,
त्याच्याहून दीड हात उंच त्या पितळी पात्याखाली
त्याच्या डोळ्याचं पातं लवलं.
भिंगातून दिसतं, भुवईखाली
कुणी बोट फिरवल्यासारखं.

एरचशांनी काच टाकून दिली नाही.
मापाला डोळे लागत नाहीत.

पण मापाची उंची कुणी लिहिली?
काचेवर तो अठरा मिलिमीटर, पंखा बासष्ट.
तो पाच फुटी धरला तर पंखा सतरा फूट,
साडेपाच धरला तर एकोणीसला टेकतो.
एवढी मोठी बोट
एका माणसाच्या अंदाजावर उभी.
मापात पाप म्हणतात ते
कधी कधी असंही, कुणाच्या ध्यानात न येता.

नव्या यादीत रकाना आहे : प्रतिमेतील व्यक्ती.
साहेब म्हणाले, अज्ञात टाका, पुढची घ्या.
टाकलं.

क्र. ११८. तोच पंखा, तीच जागा.
माणूस नाही.
चिखलात दोन पावलं,
पाणी भरत आलेली.
जेवणाची सुट्टी झाली असावी.