सूत

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीत माझं लेथ आहे.
म्हणजे मालकाचं, पण त्याचा आवाज मला कळतो.
टूल बोथट झालं की ते आधी कण्हतं, मग किंचाळतं.
बुश ढिला गेला तर दुसऱ्या दिवशी परत येतो,
म्हणून मी पुसून मोजतो, गार झाल्यावर पुन्हा मोजतो.
केसाच्या जाडीवरही माझा विश्वास नाही.

आणि हाच मी
केएमटीच्या मागचा नंबर बघून
सुतावरून स्वर्ग गाठत होतो.

स्वप्नात काय आलं? म्हैस. म्हैस म्हणजे सात.
पाण्यात होती? मग सत्तावीस.
विजेचं बिल, दळणाची चिठ्ठी, गॅसची टाकी,
पोरीचा परीक्षेचा बैठक क्रमांक,
सगळ्या गावानं माझ्याशी आकड्यांतच बोलायचं ठरवलेलं.
मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत
मी माणसं बघितली नाहीत, नंबरप्लेटी बघितल्या.
"काय मेस्त्री, आज काय येतंय?" गजा विचारायचा,
चिठ्ठीचं पुस्तक मांडीखाली,
जणू मी वरच्याचा भाचा होतो.

वैजयंताचा साज गुजरीत गेला
तेव्हा म्हणालो, पॉलिशला दिलाय.
पॉलिशला आठ महिने.
तिनं एकदा विचारलं, मग विचारणं बंद केलं.
ते बंद होणं मी सुटका समजलो.

आबा सीपीआरमध्ये गेले, पहाटे.
सिस्टरनं पायाला चिठ्ठी बांधली.
चिठ्ठीवर आकडा होता.
भाऊ शेणीचं बघायला गेला,
पाव्हण्यांना फोन चालले होते,
आणि मी "चहा घेऊन येतो" म्हणून जिना उतरलो.
बापाची जोडी लावली. पाचशेची.

लागली.

पंचेचाळीस हजार.
लागली नसती तर मी आजही तिथंच असतो,
हरलेल्याला नेहमी उद्या असतो.
रक्षाविसर्जनाला पंचगंगेत उभा होतो,
पाणी मांडीपर्यंत चढलेलं,
आणि एका हातानं आबांना सोडत
दुसऱ्या हातानं मी खिसा वर धरला होता,
नोटा भिजू नयेत म्हणून.
तो हात मी बघितला.
नखात तेल, अंगठ्याला जुना कट.
माझाच होता.

नाद खुळा, असं आपल्याकडं कौतुकानं म्हणतात,
रिक्षाच्या पाठीवर रंगवतात.
नाद मला होता आणि खुळा मी होतो,
एवढं तिच्यासमोर बोलायला चार दिवस लागले.
ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही.
"मोबाईल ठेवा इथं. पगार मालक माझ्या हातात देतील.
आणि रडायचं असलं तर भायेर जावा,
पोरगी अभ्यास करत्या."

किती दिवस झाले, ते मोजत नाही.
मोजलं की आकडा होतो,
आकडा झाला की मागनं त्याची जोडी येते.
मध्ये एकदा घसरलो, वीस रुपयांनी. तेही तिला सांगितलं.
ती दोन दिवस बोलली नाही, मीही नाही.
आता ओपनच्या वेळेला गंगावेशीत जाऊन उभा राहतो.
समोर धार काढून पेल्यात दिलेलं दूध
फेस ओठाला लागेपर्यंत हळू पितो.
गजा पलीकडनं हात करतो. मी पेला वर करतो.
कट्ट्यावरची म्हैस शेपटी हलवते.
म्हैस म्हणजे म्हैस.

साज सुटून आलाय. ती घालत नाही.
आईकडं हातकणंगल्याला नेऊन ठेवलाय,
कुठल्या डब्यात, ते मला सांगितलेलं नाही.
बरं केलं.

आज पंपाचे पितळी बुश काढतोय.
मालक दारातनं विचारतो,
"मेस्त्री, बसलं का माप?"
मी बुश फडक्यात धरतो, फिरवून बघतो.
"बसंल," म्हणतो. "अजून गरम हाय."