खिळा

पत्रूजी पेंटरला उजवा डोळा नाही.
बोडीत शिंगाडे काढताना काटा गेला, असं तो सांगतो;
त्याची बायको दुसरंच काही सांगते.

चहा ओतताना किटलीची चोच
आधी कपाच्या काठाला टेकवतो, टक्,
मग ओततो.
मान सारखी इकडून तिकडे.
नव्या माणसाला वाटतं, हा कशालाच हो म्हणत नाही.
मलाही पहिला महिना तसंच वाटलं.
मग कळलं, खांब किती लांब आहे
ते तो मानेनं मोजतो.

वडशाच्या अलीकडे, भातगिरणीमागच्या शेडमध्ये
अठरा बाय बाराचा मांजरपाट ताणलेला.
मंडईच्या नाटकाला महाल पाहिजे, पाच दिवसांत.
"लोकं कोठं बसनार?" त्याचा पहिला प्रश्न.
समोर, मी म्हटलं.
"समोर तं सारेच बसतेत वो. सोफ्यावर का तनसावर?"

आणि खिळा ठोकला,
मंचाच्या पाटापासून वीतभर वर, कापडातून आरपार.
"मागच्या उतारावर बसलेल्या बाईचा डोरा इथं येते."
गेरूत बुडवलेली दोरी खिळ्याला बांधून
दुसरं टोक माझ्या हातात. ताण. सोड.
फट्. एक भिंत.
फट्. तिच्या समोरची.
फरशीच्या, छताच्या, कमानींच्या साऱ्या रेघा
दिवेलागणीला गोठ्याकडे वळलेल्या गुरांसारख्या
त्या एका खिळ्याकडे.

दुसऱ्या दिवशी त्यानं एका करड्या धुडक्याचे दोन तुकडे केले.
एक चुन्याच्या भिंतीवर डकवला, एक चुलीमागच्या काजळीवर.
"कोनता कारा?"
मी चुन्यावरचा दाखवला.
तो हसला नाही. दोन्ही काढून
माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.
त्या रात्री मला झोप आली नाही.
वडसेकर मंडळी बघायला आली तेव्हा
पोह्यांच्या बशा घेऊन माझ्या शेजारी
मामाची गोरी लता उभी होती,
एवढंच आठवत राहिले.

तिसऱ्या दिवशी महालाच्या खिडकीतलं रान.
"धा झाडं काढ. अकरावं लोकं काढतेत."
"मोहाचा बुंधा पुरा नोको दाखवू, येनाच्या मागं लपव.
लपलं का दूर जाते."
"दूरचं निरं कर. थ्या टेकडीले कोनं रंगवलं, पाय ना."
मी पाहिली. टेकडी निळीच होती.
रोज त्याच वाटेनं येत होते मी.

दिवा मात्र त्यानं काढूच दिला नाही.
"भवताल अंधार काढत आन. उरंल थो दिवा."
दुपारभर मी अंधार काढत आणला.
संध्याकाळी कोऱ्या मांजरपाटाचा बोटभर तुकडा
पेटला.

मंडईच्या रात्री पडदा चढला,
आणि मंडळाचे अध्यक्ष पहिल्या सोफ्यावरून उठून विंगेत आले.
"पेंटर, महाल कलंडला ना गा."
पत्रूजीनं मान हलवली, इकडून तिकडे.
"महाल उभाच आहे साहेब. सोफा मागं घ्या."

मी उतारावर मागे मागे जात राहिले,
बिड्यांच्या धुरातून, घोंगड्या ओलांडत.
पावलागणिक एकेक खांब सरळ झाला.
शेवटच्या रांगेत तणसावर टेकले
तर दालन उघडं पडलं, खोलच्या खोल,
राजा आत जाऊन निजला असता एवढं.
शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू झोपलेलं.
"केवढा आत आहे वो वाडा," ती म्हणाली.
कापडामागे वीतभर जागा सोडून बांबूचा कूड होता.
मी सांगितलं नाही.

उजवा डोळा मिटून घेतला.
राजा, प्रधान, हॅलोजनभोवतीचे किडे, बाई, लेकरू
सगळे एकाच मांजरपाटावर.
तिनं पुढे केलेल्या मुरमुऱ्यांसाठी हात घातला
तो पुडीच्या अलीकडेच पडला.
मान थोडी डावीकडे नेली. थोडी उजवीकडे.
पुडी कुठे आहे ते दिसू लागलं.

"काय झालं वो," बाई म्हणाली,
"आवडला नाही का?"