घंटेची जीभ

तोफेला जीभ लागत नाही, बाबा म्हणायचे.
म्हणून तेवढी मागे राहिली.

अठ्ठेचाळीस साल, नोव्हेंबर संपत आलेला.
हारोमसेकच्या ओतशाळेतून बैलगाडी आली,
दोन माणसं, एक वही.
घंटा उतरवायला सबंध दुपार गेली.
दोर गारठून काठीसारखे झाले होते.
पाद्री डेनेशनं तिच्या कडेवरची अक्षरं
शेवटची म्हणून मोठ्यानं वाचली:
कोणी ओतली, कोणत्या वर्षीच्या सफरचंदांच्या पैशातून.
बोर्बालाआत्यानं तिच्यावर शाल पांघरली
सासरी निघालेल्या पोरीवर पांघरावी तशी,
आणि गाडी वळणाला लागताच
धावत जाऊन काढून आणली.
थंडी होती, शाल एकच होती.

वहीत लिहिलं: कांसं, सात मण, राष्ट्राच्या कामी.
आवाजाला रकाना नव्हता.

बाबांनी विचारलं, काय लिहिलंय?
ते बहिरे. तीस वर्षं तिच्याखाली उभं राहून
कान संपले होते, ऐकू यायचं ते तळहातांना, दोरातून.
राष्ट्र हा शब्द हातानं कसा सांगायचा?
मी छातीवर हात ठेवला, मग डोंगराकडे दाखवलं.
त्यांना वाटलं, कोणीतरी आजारी आहे
डोंगरापलीकडे.
म्हणाले, मग न्या.

लोखंडी जीभ त्यांनी खांद्यावरून घरी आणली.
आईनं ती राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं धुतली
आणि आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर
दाब म्हणून ठेवली.

मोझेश गेला गाडीमागोमाग.
माझा भाऊ, अठरा वर्षांचा,
घंटेचं पुढे काय होतं ते बघून येतो म्हणाला.

फेब्रुवारीत आई गेली.
बाईमाणसासाठी दोन-दोन टोल, असा आमच्याकडे रिवाज.
बाबा मनोऱ्यावर चढले
आणि रिकामा दोर ओढत राहिले.
दोन. थांबून, पुन्हा दोन.
तुळई करकरली तेवढीच.
खाली आम्ही माना खाली घालून मोजत होतो.

जूनच्या अखेरीस खिंडीकडून धडाडलं.
शेजारी म्हणाले, रशियन.
बाबांनी विहिरीच्या कठड्यावर हात टेकला, बराच वेळ.
"ही आपली. हिला खालच्या अंगाला खरखर आहे,
त्या मोठ्या गोठणीपासूनची."
दुसऱ्या दिवशीही म्हणाले, आपली.
तिसऱ्या दिवशी हात टेकला
आणि काहीच म्हणाले नाहीत.
कठडा मात्र थरथरत होता, मीही लावून पाहिला.

मोझेश सफरचंदं उतरवायच्या वेळी परतला.
बाबांनी त्याला ओट्यावर बसवून विचारलं,
कशी वाजायची रे ती?
तो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.
मग मला कळलं
आता घरात दोघांशी हातानं बोलावं लागणार.

सम्राटाचे शिपाई हत्यारं शोधत आले.
एकानं पिंपावरून ती उचलली. हे काय?
कोबीवरचं वजन, मी म्हटलं.
त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं,
नीट होती तशी परत ठेवली.
त्याच्याही घरी पिंप असणार.

अठरा वर्षांनी राजधानीत समेट झाला.
वर्तमानपत्र आलं, मग नवी घंटा आली,
स्वतःची जीभ घेऊनच.
बारीक आवाजाची. पाहुण्याच्या घरी
पाणी मागणाऱ्या मुलीसारखी.
पोरं तिच्यावर शाळेत जातात,
म्हातारे अजून सावली बघून जेवतात.
कोणी म्हणालं, जुनी जीभ लावून बघू.
लोहार म्हणाला, तडकेल ही, सोसायचं नाही हिला.

दर हिवाळ्यात मी ती उचलते.
जिथे ती घंटेला लागायची तिथे
अजून एक गुळगुळीत गोल आहे, नाण्याएवढा.
बाकी सगळीकडे गंज.
कोबीचं पान पहिलं चिकटतं
ते नेमकं तिथेच, आणि मी
नखानं सोडवत बसते.