हाताचं वळण

चोंगछिंगचं धुकं आज म्युझियमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलंय.
काचेबाहेर नदी नाही,
फक्त एका बोटीचा भोंगा आहे.

साठ वर्षांची चित्रं, सहा दालनं.
माझ्या राखणीला आलंय दोन नंबरचं,
१९७९ ते १९९१,
म्हणजे बहुतेक सगळं राखाडी.
लोक इथे रेंगाळत नाहीत.
फोटोसाठी पुढच्या दालनात निळं आहे.

श्ये वानचिंग, वय शहाऐंशी,
दाराशी खुर्चीत, मांडीवर संत्र्यांची पिशवी.
"या चित्राचा अर्थ काय?"
सकाळी एका पत्रकारानं वाकून विचारलं.
त्यांनी संत्रं सोललं,
अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

साडेतीनला एक म्हातारी आली,
ठिबकती छत्री घेऊन,
माझं "छत्री बाहेर" कानाआड करत
थेट अकराव्या चित्रापुढे.
राखाडीवर राखाडी, आणि खालच्या कोपऱ्यात
एक तांबडा फराटा,
ओढता ओढता मध्येच मिटलेला.

तिनं छत्री काखेत मारली.
डाव्या हातानं हवेत काहीतरी गोल धरलं.
उजव्यानं ओढलं, डाव्यानं फिरवलं,
ओढलं, फिरवलं.
चार फटकाऱ्यांत पाकळी,
एका पाळीत दोनशे थर्मास.

"पिओनीचं फूल आहे हे," ती मला म्हणाली,
"खालचा थर्मास तेवढा काढून घेतलाय.
आणि हा सात नंबरचा लाल.
कारखान्याला टाळं लागलं तेव्हा
शेवटचा डबा आम्ही दोघींनी वाटून घेतला.
माझ्या वाट्यात मी खिडकी रंगवली."

भिंतीवरच्या पाटीवर आहे: पोकळीशी संवाद.
आठ आठवड्यांत मला पाठ झालंय.
आमच्या घरीही होता तसला थर्मास,
बूच उडालं की आई ओरडायची.
त्यावर फूल होतं. असणारच.

दाराशी श्ये वानचिंगनी कानातलं यंत्र चालू केलं.
गळाभेट नाही, रडणं नाही.
"तुझी तिसरी पाकळी कायम आखूड," म्हातारी म्हणाली.
"पाळी संपायची घाई असायची," त्या म्हणाल्या,
"हाताला वळण लागलं ते लागलं."
आणि संत्रं पुढे केलं. या वेळी अख्खं.

बंद करायच्या वेळी चित्राखाली पाण्याचं थारोळं होतं.
फडकं आणायला गेलो, आणलं,
हातात घेऊन तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

मग नोंदवहीत लिहिलं:
दालन दोन. छत्री आत आली.
कारवाई नाही.