कंसातला नामाजी

जिनिंगच्या काट्याजवळ, कापूस उडवणाऱ्या पंख्याखाली
मी लिहिलं: क्लास काटा(काटा).
कंसातला जुना, कुण्या दुसऱ्यानं घडवलेला.
बाहेरचा माझा,
ओल्या कापसाची घट तेवढी जास्त जाणतो.

पुण्याहून साहेब म्हणाले, नाव बदल, गोंधळ होईल.

गोंधळ कायचा?
पोळ्यापासून काट्यावर सुदाम बसतो
अन् गाडीवाले ओरडतात, "ओ नामाजी, घे नं वजन!"
नामाजी त्याचा बाप. मुठीत कापूस दाबून ओल सांगायचा.
सुदाम हाव म्हणतो, पावती फाडतो,
अडलं की टिनामागं जाऊन बापाला फोन लावतो.

पायथन आधी कंस वाचतो,
मग नाव नव्याच्या हाती देतो.
जुना मरत नाही.
त्याला हाक मारायला नाव तेवढं उरत नाही.

हमालांच्या वहीत मात्र
नामाजी म्हणजे अजून थोच,
बिडीचे चौदा रुपये बाकी.
त्यांची आयात आधीची.

मी नाव ठेवलं.
फक्त वर एक ओळ टाकली: जुना_काटा = काटा.
"हे कायले, ताई?" सुदामनं विचारलं.
असू दे.
तुह्या बापाले चहाले बोलवाचं झालं तर.